घराची भिंत, नळाचे पाणी आणि आपले डोळे



लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात एक उतारा आहे. रविवारच्या मिस्सात तो आपल्या कानी पडत नाही आणि घरी शास्त्र वाचतानाही बहुतेक जण ती पाने भराभर उलटतात. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसू लागले तर काय करावे, याचे नियम त्यात दिले आहेत (लेवीय १४:३३-४८).

नियम असा आहे. ज्याचे घर आहे त्याने स्वतः याजकाकडे जाऊन सांगायचे की, माझ्या घरात काही तरी बिघडल्यासारखे दिसते. याजकाने आधी घरातले सामान बाहेर काढायला सांगायचे आणि मग भिंत पाहायची. चट्टा खोल गेलेला दिसला तर घर सात दिवस बंद ठेवायचे. सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाहायचे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंत खरवडायची, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही तो परत आला तर घर पाडायचे. नाही आला तर घर शुद्ध ठरवायचे.

यात चार पायऱ्या आहेत: पाहणे, सांगणे, तपासणे आणि पुन्हा तपासणे. आपल्या टेमघरमध्ये, आपल्या चाळीत आणि इमारतीत यातल्या किती पायऱ्या आपण चढतो, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

धोका आणि जोखीम

बोलताना आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. समजून घेण्यासाठी ते वेगळे केलेले बरे. अंगणातली कठडा नसलेली विहीर हा धोका. त्या विहिरीभोवती रोज मुले खेळतात, ही जोखीम. विहीर तीच असते, पण कोण तिच्या किती जवळ जातो, किती वेळा जातो आणि त्याचे वय काय, यावर जोखीम ठरते.

पवित्र शास्त्राला हा फरक ठाऊक आहे. खड्डा खणून तो उघडा ठेवला आणि त्यात शेजाऱ्याचा बैल पडला, तर भरपाई खड्डा खणणाऱ्याने द्यायची, असा नियम निर्गम २१:३३-३४ मध्ये आहे. नवे घर बांधताना गच्चीला कठडा कर, नाही तर तिथून कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असे अनुवाद २२:८ मध्ये बजावले आहे. अजून कुणीही पडलेले नाही, तरी कठडा आधी बांधायचा आहे. अपघात होण्यापूर्वीच्या निष्काळजीपणालाही देव दोष म्हणतो, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या.

आपण घाबरतो कशाला?

माणूस कोणत्या धोक्याला घाबरतो आणि कोणत्या धोक्याकडे दुर्लक्ष करतो, याचा अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. अमेरिकेतील अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ साली मांडले की, स्वतःहून पत्करलेला धोका माणसे दुसऱ्याने लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट सहन करतात. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ साली दाखवले की, भयानक वाटणारा, ताब्यात नसलेला आणि अनोळखी धोका लोकांना मोठा वाटतो. रोजचा, ओळखीचा आणि हळूहळू अपाय करणारा धोका मात्र त्यांना लहान वाटतो.

याचा अर्थ लोक अडाणी आहेत असा नव्हे. स्लोविक यांचे म्हणणे असे होते की, सामान्य माणसाच्या भीतीतही शहाणपण असते. हा धोका कुणी लादला, त्याचा फायदा कुणाला आणि त्रास कुणाला, हे प्रश्न तो मनात विचारत असतो. तज्ज्ञांच्या आकड्यांत हे प्रश्न अनेकदा नसतात. तरीही आपली भीती नेहमी योग्य जागी बोट ठेवतेच असे नाही.

आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरव्या रंगाचा पाऊस पडला आणि एकच खळबळ उडाली. फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री पाहणीसाठी आले. रंग डोळ्यांना दिसला म्हणून सर्वांना जाग आली. कारखान्यांच्या आतल्या टाक्या आणि यंत्रे मात्र रस्त्यावरून कुणाला दिसत नव्हती. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ रोजी एका कारखान्यात मोठा स्फोट होऊन माणसे दगावली होती. पुढे २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. रंगीत रस्ता धुऊन काढता येतो, आतला धोका तसाच राहतो.

लंडनचा एक पंप

डोळे आणि नाक माणसाला कसे फसवतात, याचे जुने उदाहरण लंडनचे आहे. ३१ ऑगस्ट १८५४ च्या सुमारास त्या शहरातील सोहो भागात कॉलऱ्याची मोठी साथ पसरली. काही आठवड्यांत सहाशेहून अधिक माणसे मेली. रोग दुर्गंधीतून, म्हणजे घाण हवेतून पसरतो, असे त्या काळी जवळजवळ सर्वांचे मत होते. गटारांना आणि कचऱ्याला वास येत होता, म्हणून लोक त्यांना घाबरत. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाचे पाणी मात्र चांगले म्हणून नावाजलेले होते. दूर राहायला गेलेली एक विधवा चवीसाठी मुद्दाम तिथून पाणी मागवत असे. त्या साथीत तिचाही मृत्यू झाला.

रोग त्या पाण्यातून पसरतो, असे डॉक्टर जॉन स्नो यांनी सांगितले. ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. पण बऱ्याच लोकांना ते पटले नाही. न पटणाऱ्यांत त्या भागातील अँग्लिकन चर्चचे तरुण सहायक धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड हेही होते. स्नो यांचे म्हणणे चूक आहे हे दाखवण्यासाठी ते घरोघर फिरू लागले. आजारी माणसांच्या घरी त्यांचे आधीपासून जाणे-येणे होते. कोण आजारी पडले, कधी पडले, पाणी कुठले प्यायले, हे त्यांनी एकेका कुटुंबाला विचारले. जसजशी उत्तरे जमत गेली तसतसे त्यांचे मत बदलले. शेवटी पंपाला लागून असलेल्या घरातल्या एका तान्ह्या बाळाच्या आजारापर्यंत ते पोहोचले. त्या बाळाचे दुपटे धुतलेले पाणी घराच्या शोषखड्ड्यात टाकले जात होते. खड्ड्याची भिंत फुटकी होती आणि विहीर तिथून काही फुटांवरच होती.

ज्याची घाण येत होती त्याची लोकांना भीती वाटली आणि मारले मात्र चवदार पाण्याने. शिवाय ही गोष्ट उघड होण्यासाठी डॉक्टरांच्या नकाशाइतकाच एका धर्मगुरूचा घरोघरचा परिचय उपयोगी पडला. धर्मग्राम म्हणून आपल्याजवळ हा परिचय आहे.

टेमघरचे पाणी

टेमघरचे नाव आज ठाणे जिल्ह्यात पाण्यामुळे माहीत आहे. कर्जत, बदलापूर ओलांडून येणाऱ्या उल्हास नदीचे पाणी शहाड येथे उचलले जाते आणि टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. तिथे गाळून आणि क्लोरीन मिसळून ते ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे तसेच भिवंडी तालुक्यातील काही गावांकडे जाते. ही व्यवस्था पाहणाऱ्या ‘स्टेम’ या संस्थेच्या नावातच शहाड आणि टेमघर ही दोन्ही नावे आहेत.

नदीचे दुखणे सर्वांना दिसते. उल्हास नदीच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला आपण पाहिला असेल. सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हे जलपर्णीचे खत आहे. नाले प्रक्रियेविना नदीला मिळतात, म्हणून ती फोफावते. जलपर्णी पाहून आपण हळहळतो ते योग्यच आहे. पण आपल्या आरोग्याचा प्रश्न तिथे संपत नाही. शुद्ध केलेले पाणी केंद्रातून निघाल्यानंतर आपल्या पेल्यात येईपर्यंत त्याचे काय होते, हेही विचारायला हवे.

आपल्याकडे नळाला पाणी काही तासच येते. उरलेल्या वेळी वाहिनीत दाब नसतो. वाहिनी गटारातून किंवा गटाराला लागून गेली असेल आणि तिला कुठे चीर असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत झिरपते. त्यातच कुणी नळाला थेट मोटर जोडली की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि झिरपणे वाढते. मोटर लावणाऱ्याला पाणी जास्त मिळते आणि घाण सगळ्या चाळीच्या वाट्याला येते. हे पाणी बहुतेक वेळा स्वच्छच दिसते. गढूळ आले तर आपण ओरडतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

याची किंमत इचलकरंजीने मोजली आहे. तेही भिवंडीसारखेच यंत्रमागांचे गाव. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली. सांडपाण्याने दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यातून हजारो लोक आजारी पडले आणि काही दगावले. पाण्यातून पसरणारी ‘हिपॅटायटिस ई’ ही कावीळ गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेतू शकते. त्याच्याही आधी, १९५५-५६ च्या हिवाळ्यात, दिल्लीत यमुनेच्या पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. शुद्धीकरण केंद्र जवळ आहे एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही, हा त्यातला धडा.

सवयीचा पडदा

डोळ्यांना जे दिसत नाही त्याहून अवघड असते ते जे रोज दिसते. भिवंडी हे देशातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे. मागाच्या खडखडाटात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो आवाज जाणवेनासा होतो. कारखाना नियमांनी आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. मागांच्या शेडमध्ये ती सर्रास ओलांडली जाते. अशा आवाजाने येणारे बहिरेपण वेदना न होता येते. आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. मग बायको-मुले चिडतात की, बाबा लक्ष देत नाहीत. दोष स्वभावाला दिला जातो, मागाला नाही.

कापसाच्या तंतूंच्या धुळीचेही तसेच. सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे आणि दम लागणे, हे त्या धुळीच्या आजाराचे जुने लक्षण आहे. पुढचे काही दिवस त्रास कमी होतो, म्हणून माणूस समजतो की दमलो होतो. वर्षे सरतात तसा हा त्रास कायमचा होऊ शकतो.

हा पडदा आपल्या घरातही असतो. रस्त्यावरच्या ट्रकचा धूर, सायझिंगच्या धुराड्यातून येणारा काळा धूर आपल्याला खुपतो आणि तो घातक आहेच. पण रात्री दारे-खिडक्या लावून आपणच डासांची कॉइल पेटवतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. बाहेरचा धूर दुसऱ्याने लादलेला, म्हणून संताप येतो. आतला धूर आपणच निवडलेला, म्हणून तो सोसतो. बाळाच्या फुप्फुसाला मात्र हा फरक कळत नाही.

दिसते, पण सांगवत नाही

आता भिंतीकडे येऊ. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, माणसे गाढ झोपेत असताना, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. पस्तीसहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मेली. त्यांत लहान मुलेही होती. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाडा येथे गोदाम आणि राहत्या खोल्या एकत्र असलेली इमारत पडून आठ जण गेले. ही दोन्ही ठिकाणे टेमघरपासून काही दूर नाहीत.

अशी बातमी आली की लोक म्हणतात, त्यांचे नशीब. प्रभू येशूच्या काळातही शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. मेलेले लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभूने उभा केला आणि स्वतःच नाही असे उत्तर दिले. मग त्याने ऐकणाऱ्यांना स्वतःच्या जीवनाकडे वळून पाहायला सांगितले (लूक १३:१-५). प्रभूने मृतांच्या माथी दोष मारला नाही आणि ऐकणाऱ्यांना निश्चिंतही राहू दिले नाही. दुर्घटनेच्या बातमीने आपल्यात पश्चात्ताप, म्हणजे मार्ग बदलण्याची तयारी, यायला हवी.

मग आपण मार्ग का बदलत नाही? भेगा आपल्याला दिसतात. छताचा गिलावा ताटात पडतो तेव्हा तर दिसतातच. पण भाडेकरूला वाटते, बोललो तर मालक खोली खाली करायला सांगेल. मालकाला वाटते, तपासणी झाली तर इमारत धोकादायक ठरेल. सगळ्यांना एकच प्रश्न पडतो, जायचे कुठे? मागावर काम करणाऱ्याला वाटते, धुळीबद्दल बोललो तर उद्या काम मिळणार नाही. गोदामातल्या हमालाला पिंपात काय आहे हे विचारायची सोय नसते. गरीब माणसाला जोखीम कळत नाही, असे बाहेरून आलेले लोक म्हणतात. खरे तर त्याला ती पुष्कळदा कळलेली असते. सांगण्याची किंमत त्याला एकट्याला भरावी लागते, म्हणून तो गप्प राहतो.

इथे लेवीयमधल्या त्या नियमाकडे पुन्हा पाहू या. याजकाने भिंत पाहण्यापूर्वी घर रिकामे करायला सांगायचे, असे त्यात का म्हटले आहे? कारणही तिथेच दिले आहे. तपासणीनंतर घर अशुद्ध ठरले तर आतली प्रत्येक वस्तू अशुद्ध ठरली असती. ती तशी ठरू नये म्हणून सामान आधी बाहेर काढायचे. घरमालकाने खरे सांगितले म्हणून त्याची भांडी, अंथरुणे आणि धान्य जाऊ नये, याची काळजी नियमानेच घेतली आहे. सत्य सांगणाऱ्याचे नुकसान कमीत कमी व्हावे, ही जबाबदारी इथे समाजावर टाकली आहे. आपल्या शहरातील व्यवस्थेत ही दया अजून पुरेशी आलेली नाही. ती येईपर्यंत निदान धर्मग्रामाने एकमेकांना ती द्यायला हवी.

एकट्याने दिलेला इशारा किती सहज विरून जातो, हे भोपाळने दाखवले. तिथले पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहिले होते. कुणी कान दिला नाही आणि २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू शहरावर पसरला. त्यात हजारो माणसे मेली. याउलट यरीहोच्या नगरवासीयांची गोष्ट पाहा. ते सगळे मिळून अलीशा संदेष्ट्याकडे गेले. आपल्या नगराची जागा उत्तम आहे पण पाणी वाईट आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. अलीशाने त्यांच्याकडूनच भांडे आणि मीठ मागवले, तो पाण्याच्या उगमापाशी गेला आणि देवाने ते पाणी निर्दोष केले (२ राजे २:१९-२२). लोकांनी आपल्या गावाचे चांगले आणि वाईट दोन्ही एकत्र सांगितले. गावावर प्रेम असणारी माणसे असेच बोलतात.

ख्रिस्तसभेची शिकवण

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र लिहिले. पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही दोन वेगळी दुखणी नाहीत, हा त्याचा गाभा आहे. पिण्यास योग्य आणि सुरक्षित पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. प्रदूषणाचा पहिला मार गरिबांना बसतो आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्यांच्यापासून दूर राहत असल्यामुळे त्यांना तो दिसत नाही, याकडेही पोप महोदयांनी लक्ष वेधले. २०१५ सालीच त्यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनादिन म्हणून ठरवला.

उत्पत्ती २:१५ मध्ये देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. राखणदाराचे पहिले काम डोळे उघडे ठेवणे आणि दुसरे काम हाक मारणे. आपल्याला एदेन बाग मिळालेली नाही. कल्याण रस्ता, चाळ, नळ आणि गच्ची मिळाली आहे. राखण तिथेच करायची आहे.

आपण काय करू शकतो?

पाण्यासाठी: नळाला थेट मोटर लावू नये, लावली असेल तर काढावी. पाणी आल्यावर सुरुवातीचे थोडे पाणी पिण्यासाठी भरू नये, ते धुण्या-पुसण्याला वापरावे. शंका असेल तेव्हा खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे. नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन आहे की नाही, हे थेंब टाकून रंगावरून तपासण्याची सोपी चाचणी असते. आरोग्य विभागाकडे तिची मागणी करावी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे प्रमाण आहे. एकाच आठवड्यात शेजारच्या दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली, तर ते योगायोग मानून सोडू नये. महापालिकेच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

घरासाठी: भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे. भेग खुणेच्या पुढे गेली तर ती वाढते आहे. दारे-खिडक्या अचानक घट्ट बसू लागणे, खांबातून कडकड आवाज येणे, गिलावा वारंवार पडणे, ही लक्षणे असतील तर सामानाचा मोह सोडून आधी माणसे बाहेर काढावीत. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे.

हवेसाठी: कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी. घरात बाळ किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे आजपासूनच करावे. मागावर काम करणाऱ्यांनी कानात बोळे आणि नाकावर मास्क वापरावा, आणि वर्षातून एकदा कान व छाती तपासून घ्यावी.

आणि सर्वांसाठी एक वही: प्रत्येक लघुख्रिस्ती समूहाने एक साधी शंभर पानी वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, काय दिसले किंवा कसला वास आला, वारा कुठून होता, कोणाला काय त्रास झाला, एवढेच लिहावे. “नेहमीच वास येतो” या तक्रारीला कार्यालयात वजन नसते. महिनाभराच्या नोंदींना असते. अर्ज एकाच्या नावाने न देता समूहाच्या सह्यांनी द्यावा. पाणी आणि इमारतीसाठी महापालिका, धूर आणि सांडपाण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा वापरावा. ही वही केवळ आपल्या लोकांची नसावी. गटार आणि धूर धर्म विचारून घरात शिरत नाहीत. शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध कुटुंबांच्या नोंदीही त्यात याव्यात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भेगेमुळे किंवा तक्रारीमुळे एखाद्या कुटुंबाला काही दिवस घर सोडावे लागले, तर त्यांना आसरा देणारी दोन-तीन घरे प्रत्येक समूहाने आधीच ठरवून ठेवावीत. कुणाचा रोज बुडाला तर त्याच्या घरी धान्य जाईल, एवढे पाहावे. जायला जागा आहे हे ठाऊक असले की माणूस भिंतीबद्दल बोलू लागतो.

समूहसभेत चर्चेसाठी

१. आपल्या परिसरातील कोणत्या तीन गोष्टींची आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते? त्या दिसणाऱ्या आहेत की न दिसणाऱ्या?

२. अशी कोणती गोष्ट आहे जी पाहुण्यांना खटकते आणि आपल्याला खटकेनाशी झाली आहे?

३. आपल्यामुळे शेजाऱ्याला कोणती जोखीम पत्करावी लागते? मोटर, कचरा जाळणे, उघडे झाकण, गच्चीवरचे ओझे यांचा विचार करा.

४. आपल्या समूहात कोण बोलायला घाबरते? त्यांची भीती कमी करण्यासाठी आपण नेमके काय देऊ शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हाला या गावात ठेवलेस. सवयीने झाकलेले आमचे डोळे उघड. जे दिसते ते खरे सांगण्याचे धैर्य दे, आणि सांगणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याची माया आम्हा सर्वांना दे. जिलानी इमारतीत, वळपाड्यात आणि अशा प्रत्येक दुर्घटनेत गेलेल्यांना तुझ्या घरी विसावा दे. आमेन.